गोरेपणाच्या क्रीमने चेहरा निळसर-काळा का पडतो?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं वय 38. 6 वर्षांपूर्वी दोन्ही गालांवर वांग आले. डॉक्टरांनी 2 महिन्यांसाठी एक ट्यूब दिली, चेहरा छान उजळला. पुढे तीच ट्यूब त्या स्वतःहून आणून लावत राहिल्या. तिचा उपयोग होईना, तेव्हा दीड वर्षापूर्वी ओळखीच्या कुणीतरी दिलेली बिनलेबलची डबीही सुरू केली. आता गालांच्या हाडांवर आणि कानशिलांजवळ निळसर-काळे चट्टे आहेत, बोट फिरवलं की तिथे बारीक खरखर लागते. मानेवर पांढरे ठिपके उमटलेत. क्रीम थांबवलं की 4-5 दिवसांत आग, लाली आणि पुळ्या येतात, म्हणून पुन्हा लावावं लागतं. त्या विचारतात: हे वांगच वाढलेत का? चेहरा पूर्वीसारखा होईल का? आणि शेवटच्या ओळीत लिहितात, "माझी 17 वर्षांची मुलगी गेले 3 महिने माझ्याच डबीतलं लावते, तिला चालेल ना?"

माझा अंदाज आधी सांगते. तुमच्या गालांवर आता आहेत ते बहुतेक वांग नाहीत. वांग कधीकाळी होते, पण त्यांच्यावर दुसराच काळेपणा चढला आहे आणि तो तुम्ही लावत असलेल्या औषधाने आणला आहे. त्याला एक्झोजिनस ओक्रोनोसिस म्हणतात. लाली आणि आग हा स्टेरॉइडचा परिणाम. मानेवरचे पांढरे ठिपके म्हणजे रंगपेशींना बसलेला मार. एकाच चेहऱ्यावर तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचा उगम तुमच्या ड्रेसिंग टेबलावर आहे. चेहरा न बघता पक्कं निदान करता येत नाही, पण तुम्ही दिलेला तपशील इतका बोलका आहे की फार शंका राहत नाही.

निळसर रंगापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. वांगाचा रंग तपकिरी असतो, कारण त्यातलं बरंचसं मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरात असतं. तुमच्या चट्ट्यांमधलं रंगद्रव्य त्याच्याही खाली, आतल्या जाड थरात बसलं आहे. गोंदणाची शाई मुळात काळी असते, पण कातडीखालून ती हिरवट-निळी दिसते. हातावरच्या शिरा निळ्या दिसतात म्हणून रक्त काही निळं नसतं. खोलवरचा गडद रंग वरून नेहमी निळा, राखाडी किंवा पाटीसारखा दिसतो. म्हणून चेहऱ्यावरचा डाग तपकिरीकडून निळ्याकडे सरकायला लागला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: ही व्यक्ती काय लावते आहे आणि किती वर्षं?

बहुतेक वेळा उत्तर हायड्रोक्विनोन असं येतं. तुमच्या पहिल्या ट्यूबमध्ये ते असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. वांगासाठी दिलं जाणारं तिहेरी मिश्रण म्हणजे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. अशा मिश्रणाची कल्पना 1975 मध्ये क्लिगमन आणि विलिस या त्वचातज्ज्ञांनी मांडली. औषध चांगलं आहे, मी स्वतः ते देते. मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराचं (एन्झाइमचं) काम हायड्रोक्विनोन अडवतं, म्हणून डाग फिकट होतात. पण हे मिश्रण साधारण 8 आठवड्यांसाठी असतं. मग ते थांबवून दुसऱ्या, सौम्य औषधांवर जायचं असतं. ते चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहायला हवं आणि आमच्यापैकी अनेकजण लिहीत नाहीत. "2 महिने लावा" एवढंच लिहून पेशंटला पाठवलं आणि नंतर काय करायचं ते सांगितलंच नाही, तर तो दोष एकट्या पेशंटचा नाही.

वर्षानुवर्षं लावल्यावर काय होतं? सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण असं: हायड्रोक्विनोन त्वचेतलं आणखी एक विकर अडवतं, होमोजेंटिसिक आम्ल मोडणारं. ते आम्ल साठत जातं, त्याच्या साखळ्या बनतात आणि त्या त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेनच्या तंतूंना चिकटून बसतात. तंतू फुगतात, वाकतात. चट्ट्याचा तुकडा तपासला तर सूक्ष्मदर्शकाखाली केळ्यासारखे वाकलेले, पिवळसर-तपकिरी तुकडे दिसतात आणि एकदा पाहिले की विसरता येत नाहीत. ओक्रोनोसिस हा शब्द 1866 मध्ये जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांनी वापरला, पिवडीसारख्या त्या रंगावरून. त्यांच्यासमोरचा आजार वेगळा, जन्मजात होता, पण साठलेला रंग त्याच जातीचा. भिंगाखाली पिवळा आणि गालावर निळा, ही विसंगती वर सांगितलेल्या गोंदणासारखीच.

क्रीममुळे होणाऱ्या या प्रकाराची नीट ओळख 1975 मध्ये झाली, दक्षिण आफ्रिकेत. फिंडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र हायड्रोक्विनोनची क्रीमं वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये हे वर्णन केलं. 1990 मध्ये त्या देशाने सौंदर्यप्रसाधनांमधून हायड्रोक्विनोन काढून टाकण्याचा नियम केला. युरोपीय संघाने 2001 पासून त्वचा उजळणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी घातली आणि अमेरिकेत 2020 च्या कायद्यानंतर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. "माझ्या ट्यूबमध्ये फक्त 2 टक्केच आहे" असं सांगून बरेच पेशंट स्वतःची समजूत घालतात. 2 टक्क्यांनीही हे झालेलं आहे. फक्त टक्केवारी पाहून भागत नाही, किती वर्षं लावलं आणि ते लावून किती ऊन घेतलं हेही पाहावं लागतं.

या आजारात लोक कसे अडकतात तेही सांगते. सुरुवातीला डाग खरंच कमी होतात. मग हळूहळू, अगदी नकळत, काळेपणा परत येतो. पेशंटला वाटतं वांग उलटले, म्हणून जास्त लावते, दिवसातून दोनदा लावते, तीव्र क्रीम शोधते. काळेपणा वाढतो तसं क्रीम वाढतं, आणि क्रीम वाढतं तसा काळेपणा. तुमच्या बाबतीत बिनलेबलची डबी याच टप्प्यावर घरात आली. तुमची समजूत कमी पडली म्हणून हे झालं असं कृपया मानू नका. उपाय म्हणून लावलेलं औषधच रोग करतं आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय सुचण्यासारखं नाही.

दोन्हींतला फरक ओळखायला मी डर्माटोस्कोप वापरते, म्हणजे प्रकाश असलेलं हातातलं भिंग. गालावर ते टेकवलं की वांगांमध्ये तपकिरी जाळी दिसते आणि तिच्यात केसांच्या मुळांची छिद्रं मोकळी, फिकट गोल उरलेली दिसतात. ओक्रोनोसिसमध्ये ती छिद्रंच बुजतात. त्यांच्याभोवती आणि त्यांच्यावर निळसर-राखाडी ठिगळं, कुठे स्वल्पविरामासारखे तुकडे. मागे एका पेशंटचा उजवा गाल बघताना दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दिसली: नाकाजवळ मोकळ्या छिद्रांची तपकिरी जाळी, आणि दोन बोटं पलीकडे हाडावर सगळं बुजलेलं निळं. मी मोबाइलवर फोटो काढून तिला दाखवला. 9 वर्षं ती त्या दोन्ही ठिकाणी एकच ट्यूब लावत होती. तुमच्या बोटाला लागणारी खरखर या आजाराचा पुढचा टप्पा दाखवते, बारीक काळे दाणे उठायला लागतात तो. शंका उरली तरच त्वचेचा 3-4 मिलिमीटरचा तुकडा काढून तपासावा. चेहऱ्यावर छोटी खूण राहते, म्हणून सरसकट करू नये.

आता लाली. ट्यूबमधलं स्टेरॉइड, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे डबीतही बहुधा त्याहून तीव्र स्टेरॉइड. अशा डब्यांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन सापडणं अगदी नेहमीचं आहे. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आवळतं, दाह दाबतं, म्हणून पहिल्या आठवड्यातच चेहरा गोरा, तुकतुकीत दिसतो. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, तांबड्या केशवाहिन्यांची जाळी उमटते, हनुवटीवर लव वाढते, पुळ्या येतात. थांबवलं की आवळलेल्या वाहिन्या एकदम सैल पडतात आणि चेहरा पेटतो. हा दाह शमताना मागे आणखी काळे डाग ठेवून जातो. "बंद केलं की जास्त काळं होतं" हा तुमचा अनुभव खरा आहे. मात्र त्याचा अर्थ त्वचेला त्या क्रीमची गरज आहे असा होत नाही. त्वचेला त्याची सवय लागली आहे, आणि सवय सुटताना त्रास होतो.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पेशंट त्यांना कोड समजून घाबरतात आणि काही डॉक्टरही तसंच समजतात. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी टायरोसिन नावाच्या रेणूपासून मेलॅनिन बनवतात. फिनॉल जातीची काही रसायनं दिसायला टायरोसिनसारखीच असतात. पेशीचं विकर फसतं, त्या रसायनाला कच्चा माल समजून आत घेतं आणि त्यापासून विषारी क्विनोन तयार करतं. पेशी आपल्याच कारखान्यात भाजून निघते. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते चेहऱ्यावर नव्हेच, कामगारांच्या हातांवर. अमेरिकेत 1939 मध्ये कातडी कमावणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचे हात पांढरे पडायला लागले. कारण निघालं त्यांच्या रबरी हातमोज्यांत. रबर टिकावं म्हणून त्यात मोनोबेंझोन घातलेलं होतं, हायड्रोक्विनोनचंच भावंड. हेच मोनोबेंझोन आज सर्वांगावर पसरलेल्या कोडात उरलेला रंग मुद्दाम, कायमचा काढून टाकायला वापरतात. गोरेपणाच्या क्रीमशी त्याचा काही एक संबंध असता कामा नये. त्याने आलेले पांढरे डाग क्रीम न लावलेल्या जागीही उठू शकतात.

आणि हे फक्त चोरट्या मालातच होतं असंही नाही. जपानमध्ये 2008 मध्ये रोडोडेंड्रॉल नावाच्या नव्या उजळकारी घटकाला रीतसर मान्यता मिळाली होती. जुलै 2013 मध्ये ती सगळी उत्पादनं परत मागवावी लागली, कारण वापरणाऱ्यांपैकी सुमारे 2 टक्के लोकांना चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे आले. वापरणारे लाखोंनी होते, तेव्हा 2 टक्के म्हणजे किती हजार चेहरे, हिशेब करा. थांबवल्यावर पुष्कळांचा रंग बऱ्यापैकी परत आला. तुमच्या मानेवरच्या ठिपक्यांबाबत मला आशा वाटते ती याचमुळे. त्या ठिपक्यांतली लव काळी आहे की पांढरी, ते उजेडात बघा. लव काळी असेल तर केसाच्या मुळाशी रंगपेशी जिवंत आहेत, आणि रंग तिथूनच, ठिपक्या-ठिपक्याने बाहेर पसरतो. टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं, दाह कमी करणारं मलम आणि गरज पडली तर अल्ट्राव्हायोलेट बी प्रकाशाचे उपचार यांनी मदत होते.

डबीत पाराही असू शकतो, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. पारा टायरोसिनेज विकर बंद पाडतो, म्हणून रंग उजळतो. पण तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांवर घाव घालतो. पारा वर्षानुवर्षं लावला तर त्वचेतही राखाडी रंग साठतो, विशेषतः पापण्यांवर आणि मानेच्या वळ्यांत. एक पेशंट मूत्रपिंडतज्ज्ञांकडून माझ्याकडे आल्या होत्या. पाय सुजलेले, लघवीला फेस, लघवीतून प्रथिनं जात होती आणि कारण सापडत नव्हतं. मी काहीही न बोलता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. वय 45 च्या आसपास, चेहरा हातांपेक्षा कितीतरी गोरा, कानामागची कातडी मूळ रंगाची. "काय लावता?" विचारल्यावर त्यांनी पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. लघवीत पारा भरपूर निघाला. त्यांच्या यजमानांनी ते क्रीम कधी बोटाला लावलं नव्हतं, तरी त्यांच्या लघवीतही तो सापडला. टॉवेल एक, उशीचे अभ्रे एकत्र. क्रीम बंद केल्यावर त्यांची सूज आणि प्रथिनं काही महिन्यांत ओसरली, पण सगळ्यांचं नशीब तेवढं बलवत्तर नसतं.

म्हणून आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

डबी आजच बंद. कायमची. पण फेकू नका. झाकण घट्ट लावून दोन प्लास्टिक पिशव्यांत घाला आणि डॉक्टरकडे घेऊन जा, तपासणीला लागेल. कचऱ्यात किंवा मोरीत टाकलं तर पारा पाण्यात आणि हवेत जातो. टॉवेल, अभ्रे वेगळे काढा. लघवीतल्या पाऱ्याची चाचणी, साधी लघवी तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारी चाचणी) करून घ्या. पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल, हात थरथरत असतील, तर याच आठवड्यात.

हायड्रोक्विनोनची ट्यूबही बंद. ते हळूहळू कमी करायची गरज नसते, एकदम थांबवलेलं चालतं. स्टेरॉइडचं तसं नाही. इतक्या वर्षांनंतर एकदम सोडलं तर चेहरा पेटेल, आणि पुन्हा तीच ट्यूब हातात येईल. म्हणून ही दोन्ही क्रीमं बंद करतानाच डॉक्टरला गाठायचं आणि स्टेरॉइडची सवय त्यांच्या देखरेखीखाली सोडवायची: काहींना सौम्य स्टेरॉइड देऊन एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड असं उतरवतो, काहींना थेट टॅक्रोलिमस किंवा पिमेक्रोलिमसवर घेतो, पुळ्या जास्त असल्या तर पोटातून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतो. पहिले काही आठवडे वाईट जातील, हे आधीच सांगून ठेवते. त्या काळात साधा, सुगंध नसलेला मॉइश्चरायझर आणि गार पाण्याच्या घड्या एवढंच. स्क्रब नको, फेशियल नको, कुणी सुचवलेला लेप नको. (तुम्ही डबीतलं क्रीम अंगभर लावत असाल तर ते नक्की सांगा. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असू शकतं आणि अशा वेळी एकदम थांबवल्याने चक्कर, अशक्तपणा येतो.)

उन्हापासून जपणं हा अर्धा उपचार आहे. नुसतं अल्ट्राव्हायोलेट अडवून पुरत नाही, दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेत डाग गडद करतो. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या. झिंक ऑक्साइडचं असलं तर होरपळलेल्या त्वचेला झोंबणार नाही. दोन बोटांच्या लांबीइतकं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बाहेर असाल तर दर 2 तासांनी पुन्हा.

पूर्वीसारखा चेहरा होईल का? लाली आणि पुळ्या जातील, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. ठिपके बहुतेक भरून येतील. निळसर-काळे चट्टे मात्र हट्टी असतात. वरच्या त्वचेचा थर सुमारे महिन्याभरात बदलतो, पण हा रंग त्या थरात नाहीच. नुसतं थांबवल्याने तो वाढायचा थांबतो आणि वर्ष-दोन वर्षांत थोडा फिकट होतो. क्यू-स्विच्ड लेझरने काहींना आणखी फायदा होतो, कारण ते खोलवरच्या रंगाचे कण फोडतं. पण लेझरला घाई करू नका. दाह पूर्ण शमल्यावर, सवयीच्या हातांनी, कानाजवळच्या छोट्या जागेवर आधी करून 2 महिने वाट बघायची. पेटलेल्या त्वचेवर लेझर किंवा तीव्र पील (रसायनाने त्वचेचा थर सोलणं) म्हणजे आगीतून फुफाट्यात. फिनॉलचं पील तर नकोच, ओक्रोनोसिस फिनॉलनेही होतो. मी पेशंटला सांगते की निम्म्याने फिकट झालं तर आपण जिंकलो. तुम्हालाही हाच आकडा सांगेन, त्याहून मोठं वचन देणार नाही. मूळचे वांग डोकं वर काढतील, त्यांना ॲझेलेक आम्ल पुरतं. हायड्रोक्विनोनकडे परत जायचं नाही, कुणी दिलं तरी. चिठ्ठीवर आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा: "हायड्रोक्विनोनमुळे ओक्रोनोसिस झाला आहे."

लेबल वाचायची सवय लावा. हायड्रोक्विनोन कधी क्विनॉल किंवा 1,4-डायहायड्रॉक्सीबेंझीन या नावाने लिहिलेलं असतं. ट्यूबच्या तोंडाशी क्रीम तपकिरी पडत असेल तरी संशय घ्या, हवा लागली की ते तसं होतं. पारा कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी या नावांनी येतो. नावाच्या शेवटी सोन, सोल किंवा लोन असेल तर बहुधा स्टेरॉइड. लेबलच नसेल तर वाचण्यासारखं काही उरत नाही.

आता मुलगी. नाही, चालणार नाही. एक दिवसही नाही. तिच्या लघवीतला पारा तपासा, तुमच्याबरोबरच. 3 महिन्यांत ओक्रोनोसिस सहसा होत नाही, त्यामुळे तो काळेपणा तिला बहुधा येणार नाही. स्टेरॉइडची लाली उठेल, पण 3 महिन्यांची सवय 6 वर्षांच्या सवयीपेक्षा लवकर सुटते. तिला पहिल्या 10-15 दिवसांत पुळ्या येतील आणि ती घाबरून डबी मागेल. डबी घरात नसेल अशी व्यवस्था करा, आणि त्या दिवसांत तिला एकटीला आरशासमोर सोडू नका. तिला तुमचा गाल जवळून, खिडकीच्या उजेडात दाखवा आणि वर लिहिलेलं सगळं स्वतःच्या तोंडून सांगा. माझ्याकडे तिला तुमच्याबरोबरच आणा, वेगळी वेळ घेऊ नका.